इंदूरचं छप्पन दुकान: खायला जा आणि रस्तापण बघा

माझी मावशी इंदूरची, त्यामुळे छप्पनला, म्हणजे तिथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला, लहानपणापासून जातेय. तेव्हाचं आठवतं ते म्हणजे कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर द्रोण टेकवायचा, उभ्याउभ्या खायचं आणि मागून कारवाला हॉर्न देतोय. यावेळी बऱ्याच वर्षांनी गेले तर दुकानांसमोरचा रस्ता गाड्यांना बंद! बसायला बाक, झाडं, आजीआजोबा निवांत बसलेत, पोरं पळतायत आणि कुणाला कुणाचा हात धरून ओढावं लागत नाहीये.

२०२० मध्ये स्मार्ट सिटी योजनेतून हे काम झालं, ५६ दुकानं म्हणून ५६ दिवसांत. पण मला जास्त कौतुक याचं वाटलं की दुकानं तीच आहेत. आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा हातगाडीवाला उठवतात, मग तिथे मोठ्या ब्रँडचं कॅफे येतं, इथे मात्र जॉनी हॉट डॉग जागेवर, विजय चाट हाऊस जागेवर, फक्त गिऱ्हाइकाला बसायला जागा मिळाली. मावशी म्हणाली, "अगं, पूर्वी एक पॅटीस खाऊन निघायचो, आता बसलं की तीन गोष्टी खाल्ल्या जातात." म्हणजे दुकानदाराचा धंदा वाढायला जाहिरात नाही, एक बाक पुरला की!

स्वच्छता तर काय सांगू. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) क्लीन स्ट्रीट फूड हबचा शिक्का छप्पनलाही आहे आणि सराफ्यालाही, म्हणजे रात्री सराफ बाजारात भरणाऱ्या खाऊगल्लीलाही. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि शहरातला ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो, रोज ५५० टन कचऱ्यापासून गॅस बनवायची क्षमता आहे त्याची, त्यावर सिटी बस चालतात. मी हातातला द्रोण कुठल्या डब्यात टाकू म्हणून थबकले तर शेजारच्या छोट्या मुलीने बोट करून दाखवलं, इतकं मुरलंय ते लोकांच्यात.

खाण्यात खोपरा पॅटीस चुकवू नका, बाहेर बटाटा आत खोबरं, गरमच खायचं. अंडं चालत असेल तर जॉनीचा बेंजो, म्हणजे बनमध्ये घातलेलं अंडं. आणि शिकंजी मागितल्यावर लिंबू सरबत येईल असं समजू नका, इंदूरची शिकंजी म्हणजे घट्ट दुधाची, सुकामेवा घातलेली, एक ग्लास दोघांत पुरतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सावलीसाठी, दुपारी बाकांवर ऊन येतं आणि म्हाताऱ्या माणसांना बसवत नाही, तेवढं छप्पर करा ना कुणीतरी. रविवारी संध्याकाळी कार नेऊ नका, आम्ही आजूबाजूच्या गल्ल्यांत अर्धा तास जागाच शोधत होतो, रिक्षाने जा. आणि पोटात जागा ठेवा, कारण रात्री सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे गरम जिलेबी सुरू होते.