स्टिकर 'हाय थ्रस्ट'चं, गिअर मात्र साधाच

येलदरी धरणाच्या फुगवट्यात आमच्या सहा जणांच्या गटाचे पिंजरे आहेत, पंगस आणि तिलापिया माशांचे. काठापासून दीड किलोमीटर आत. खाद्य, जाळी, माणसं, सगळं एकाच बावीस फुटी फायबरच्या बोटीतून न्यायचं. ३५ किलोची २० पोती धरली तरी ७०० किलो होतात, वर चार माणसं. दोन वर्षं वल्ही मारून खांदे गेले, तेव्हा पैसे जमवून बोटीच्या मागे लावायचं मशीन, म्हणजे ओबीएम, घ्यायचं ठरवलं.

नवं परवडत नव्हतं. मुंबईकडे जुनी मशीनं दुरुस्त करून विकणारा एक जण सापडला. फोनवर मी त्याला एकच गोष्ट तीनदा सांगितली की आम्हाला पळायचं नाही, वजन ओढायचंय. तो म्हणाला, "मग भाऊ, तुम्हाला हाय थ्रस्टच पाहिजे. ९.९ एचपी, गिअर २.९२. साधं घेऊ नका, पस्तावाल." साध्याचे ९५ हजार, याचे १ लाख ३५ हजार. चाळीस हजार जास्त गेले ते निव्वळ त्या गिअरपायी. मशीन ट्रान्सपोर्टने जिंतूरला आलं. वरच्या टोपावर हाय थ्रस्टचं नवंकोरं स्टिकर होतं. आम्ही नारळ फोडला.

गिअरचं गणित तेव्हा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, आणि त्यानं नेमकं तेच हेरलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. नांगराला आपण लो गिअर टाकतो, मोकळी ट्रॉली रस्त्याने न्यायची तर हाय. बोटीच्या मशीनला असे चार-पाच गिअर नसतात. पुढे, न्यूट्रल आणि मागे, एवढंच. इंजिनाच्या किती फेऱ्यांत पंख्याची एक फेरी होणार, हे खालच्या गिअरपेटीत कायमचं ठरलेलं असतं. आमच्या मशीनच्या कंपनीत ९.९ एचपीच्या साध्या मॉडेलला ते प्रमाण २.०८ आहे आणि हाय थ्रस्टला २.९२. आकडा मोठा म्हणजे पंखा सावकाश फिरणार, पण जोरात रेटणार. इंजिन ५५०० फेऱ्यांवर असेल तर साध्याचा पंखा मिनिटाला साधारण २६४० वेळा फिरतो, हाय थ्रस्टचा १८८० वेळा. ताकद दोन्हीकडे तेवढीच. पण सावकाश फिरणाऱ्याला मोठा पंखा बसवता येतो आणि तो जास्त पाणी मागे लोटतो. जड, संथ बोटीला तेच हवं असतं. मोठ्या मशीनमध्येही हा फरक असतोच. मर्क्युरी कंपनीचं ६० एचपी साधं १.८३ चं येतं, कमांड थ्रस्टवालं, म्हणजे त्यांचं ओढणारं, २.३३ चं.

रिकाम्या बोटीवर आमचं मशीन असं पळालं की पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. मलाही बरं वाटलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, कारण ओढणारं मशीन असं पळत नाही.

दुसऱ्या दिवशी २० पोती भरली. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी इंजिन घुसमटल्यासारखं घरघरत होतं, मागे पाणी नुसतं घुसळत होतं आणि बोट कशीबशी ताशी सात-आठ किलोमीटरने सरकत होती. विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, नवं आहे, बसू द्या. पंधरा दिवसांनी म्हणाला, पंखा बदला, कमी पिचचा लावा. साडेसहा हजारांचा पंखाही त्यानेच पाठवला. पिच म्हणजे एका फेरीत पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर. तो एक इंच कमी केला की इंजिन साधारण १५० ते २०० फेरे जास्त घेतं, हे खरं आहे, आणि त्याने थोडा फरक पडलाही. पण भरल्या बोटीला तो पुरेसा नव्हता. मग म्हणाला, "गिअर बदलून घ्या ना, कुठलाही मेकॅनिक दोन-तीन हजारांत करून देईल."

हे धादांत खोटं होतं. हाय थ्रस्टची गिअरपेटीच मोठी असते. तिचे गिअर साध्या पेटीत मावत नाहीत, बदलायचं तर खालचा अख्खा भाग बदलावा लागतो.

आषाढातली एक दुपार सांगतो, कारण चाळीस हजारांपेक्षा ती जास्त लागली. आमची दोन पोरं खाद्य टाकायला गेली होती. परतताना पश्चिमेचा वारा सुटला. धरणात वारा सुटला की लाटा कशा उसळतात ते काठावरच्यांना ठाऊक आहे. समोरून वारा आणि बोटीत पिंजऱ्यांची ओली जड जाळी. मशीन पूर्ण जोरात, पण बोट जागची हलेना. मग इंजिन तापून बंद पडलं. तासभर ती दोघं वाऱ्याच्या मर्जीवर होती, मी काठावरून फोन लावत होतो आणि एकाची आई माझ्या शेजारी उभी होती. काहीच बोलत नव्हती. शेवटी दुसऱ्या बोटीवाल्या मामांनी दोर टाकून त्यांना ओढून आणलं.

त्यानंतर आम्ही नांदेडहून पूरबचावाच्या बोटींची मशीनं दुरुस्त करणारे मिस्त्री आणले. त्यांनी आधी इंजिनाच्या फेऱ्या मोजणारं मीटर लावलं. भरल्या बोटीवर इंजिन ३८०० च्या वर जाईना, जिथे ५००० ते ६००० हवं. मग त्यांनी पंख्याला टेप लावला. सव्वानऊ इंच. "हाय थ्रस्टला पावणेबारा इंचांचा असतो. हे बघूनच कळायला पाहिजे होतं दादा," ते हळूच म्हणाले. तरी खात्रीसाठी मोजणी केली. किल-स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, दोरी काढली, दोन्ही प्लग काढले, मशीन पुढच्या गिअरमध्ये टाकलं. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या जड चाकावर, आणि पंख्याच्या एका पातीवर खडूची खूण केली आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवायला घेतलं. फक्त इंजिन फिरतं त्याच दिशेने, उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपाच्या रबरी पात्या दुमडतात. पंख्याच्या १० फेऱ्या होईपर्यंत मी मोठ्याने मोजत होतो. २.९२ असतं तर वर २९ व्हायला हव्या होत्या. २१ ला दहावी फेरी पुरी झाली.

मुद्दाम परत मोजलं. पुन्हा २१.

ही मोजणी दहा मिनिटांची आहे आणि तिला खडू नि प्लग काढायचा पाना सोडून काही लागत नाही. पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या दारात करा, तो नको म्हणाला तर उठून या. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर आमच्या ओळखीच्या दोन ग्रामपंचायतींत बोट घ्यायचं बोलणं चाललंय. त्यांच्या सरपंचांना मी स्वतः जाऊन हे सांगून आलो. पुरात माणसं भरलेली बोट प्रवाहाच्या उलट न्यायची असते.

आमची दुसरी चूक बिलाची. त्यावर फक्त "९.९ एचपी ओबीएम, रिकंडिशन" एवढंच होतं. मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाला, गिअर बिलात लिहायची पद्धत नाही. पद्धत नसली तरी लिहून घ्यायचं: मॉडेल, सिरियल नंबर, गिअरचं प्रमाण, पंख्याचा व्यास. आमच्या बाजूने आता जे काही आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानेच टाकलेलं "२.९२ पक्कं" हे वाक्य. तो फोन उचलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. विक्रेता मुंबईचा असला तरी तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. धंद्यासाठी घेतलं म्हणून तो आडवं लावेल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते असं वकीलसाहेब म्हणतात. दोन वर्षांची मुदत असते, उशीर करू नका.

तारीख पडली आहे. तोवर ते मशीन आम्ही राखणीच्या छोट्या होडीला लावलंय, तिला ते चांगलं लागू पडतं. खाद्याची बोट पुन्हा वल्ह्यांवर आहे, एका फेरीला सात पोती, आणि वारा पडलेला असेल तेव्हाच.