पॅटिओवरील कुंड्यांत गुलाब लावावा की सुगंधी पानांची रोपे?

पॅटिओवर कुंड्या मांडायचे ठरले की गुलाब घ्यावा की पुदिना, कोथिंबीर, बेझिल, रोझमेरी यांसारखी सुगंधी पानांची रोपे घ्यावीत, हा प्रश्न आवडीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर बरेचसे त्या जागेवर पडणारे ऊनच देते. म्हणून रोपवाटिकेत जाण्यापूर्वी एखादा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत फरशीच्या कोणत्या भागावर किती तास थेट ऊन राहते, ते पाहून ठेवावे. गुलाबाला रोज सुमारे ६ तास थेट ऊन हवे, आणि ते सकाळचे असल्यास उत्तम, कारण त्यामुळे पानांवरचे दव लवकर वाळते. ४ तासांच्या उन्हात गुलाब जगतो, परंतु त्याच्या फांद्या उंच व किरकोळ होतात आणि फुले मोजकीच येतात. तेवढ्याच उन्हात पुदिना, पार्सली आणि कोथिंबीर मात्र चांगली वाढतात.

कुंडीच्या बाबतीत दोहोंत मोठा फरक आहे. हायब्रिड टी (लांब दांड्यावर बहुधा एकेक मोठे फूल येणाऱ्या) किंवा फ्लोरिबंडा (घोसांनी फुलणाऱ्या) गुलाबाला ४० ते ४५ सेंटिमीटर खोल व तेवढीच रुंद कुंडी द्यावी. मिनिएचर गुलाबाचे २५ ते ३० सेंटिमीटरमध्ये भागते. मोठी कुंडी माती भिजल्यावर एकट्याने उचलवत नाही, त्यामुळे ती भरण्यापूर्वीच तिची जागा ठरवावी. सुगंधी रोपांना १५ ते २० सेंटिमीटरच्या कुंड्या बहुधा पुरतात आणि त्या उन्हामागे सहज सरकवता येतात. कोथिंबिरीला सोटमूळ (सरळ खोल जाणारे मुख्य मूळ) असल्याने आणि रोप हलवताना ते दुखावत असल्याने तिचे बी थेट कुंडीतच पेरावे, आणि पुदिन्याची धावती खोडे शेजारच्या रोपांची जागा बळकावत असल्याने त्याला नेहमी स्वतंत्र कुंडी द्यावी. तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज दोन्हींच्या बाबतीत चुकीचा आहे. त्याने मुळांची जागा घटते आणि ओल उलट वरच्या मातीत अडकून राहते.

पाणी आणि खताचा विचार करताना सुगंधी रोपांना एकच गट समजू नये. रोझमेरी, थाईम आणि ओरेगॅनो यांना गुलाबाइतकेच ऊन, पण रेतीमिश्रित, कमी कसाची आणि दोन पाण्यांच्या मध्ये वरून सुकणारी माती लागते. त्यांना नत्र जास्त मिळाले तर पाने माजतात आणि वास फिका पडतो. पुदिना आणि बेझिल ओलाव्यावर पोसतात. गुलाब तर खादाडच असतो. कुंडीतील अन्नद्रव्ये पाण्याबरोबर वाहून जात असल्याने वाढीच्या हंगामात त्याला नियमित खत द्यावे लागते, कडक उन्हाळ्यात बहुधा रोज पाणी घालावे लागते आणि दर २-३ वर्षांनी माती बदलावी लागते. ज्यांना वारंवार बाहेरगावी जावे लागते, त्यांनी रोझमेरी आणि थाईमकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही एकत्र हवे असतील, तर खरी अडचण फवारणीची आहे. गुलाबावर काळे डाग, भुरी, मावा आणि लाल कोळी येतात, आणि त्यांच्यासाठी मारलेले औषध वाऱ्याने शेजारच्या कुंडीतील खाण्याच्या पानांवर सहज जाते. आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या आत शोषले जाणारे, औषध तर पाने धुऊनही निघत नाही. काळ्या डागांची बुरशी पान कित्येक तास ओले राहिल्यावरच रुजते, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशी घालावे, गळलेली रोगट पाने लगेच उचलावीत आणि मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. ज्यांना एवढे पुरेसे वाटत नाही, फवारणी करावीच लागेल असे वाटते, त्यांनी त्या पॅटिओवर खाण्याची रोपे न लावणेच योग्य.

सुगंधी रोपे लवकर हाती लागतात: बेझिलचा शेंडा पानांच्या जोडीच्या वर खुडला की तेथून दोन फांद्या फुटतात आणि काही आठवड्यांतच तोडणी सुरू होते. उष्णता वाढली की कोथिंबीर फुलावर येऊन संपते, म्हणून तिचे बी थोड्या थोड्या दिवसांनी पेरत राहावे. गुलाब धीर मागतो, पण नीट सांभाळल्यास एकच झाड वर्षानुवर्षे फुलते. त्यासाठी सुकलेली फुले वेळेवर काढावीत, छाटणी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) थोडी वर करावी आणि कलमाच्या जोडाखालून आलेले खुंटाचे (ज्यावर गुलाबाचे कलम बांधलेले असते त्या रानटी झाडाचे) फुटवे मुळापासून ओढून काढावेत, नाहीतर तेच झाडाचा ताबा घेतात.

ऊन भरपूर आणि रोज थोडा वेळ देण्याची तयारी असेल, तर मी रोगांना तोंड देणाऱ्या जातीचा एक गुलाब मोठ्या कुंडीत उन्हाच्या कडेला ठेवीन, रोझमेरी आणि थाईम स्वतंत्र कुंड्यांत त्याच्या शेजारी मांडीन आणि पुदिना त्याच्या सावलीत सरकवीन.