पावणेदोन टनी मिनी एक्सकॅव्हेटर, बरेच महिने वापरल्यावर

पायाचे चर, ड्रेनेज लाइन, झाडांचे खड्डे, लॉनखालची लेव्हल, जुना कोबा फोडणं, अशी सगळी मिक्स कामं ह्या छोट्या खोदाई मशीनवर झालीत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. घेताना सगळे आधी खोदाईची खोली नि हॉर्सपॉवर बघतात आणि माझ्या मते तिथेच सगळ्यात कमी फरक असतो. ह्या साइझची बहुतेक मशिनं 2.2 ते 2.4 मीटर खोल जातात, इंजिन 15-18 एचपीच्या आसपास, थोडं इकडं-तिकडं. खरा प्रश्न हा की मशीन जागेवर पोचतं का आणि पोचल्यावर शेवटचा हात मारून बाहेर येतं का, की मागे चार माणसं फावडी घेऊन लावावी लागतात.

पोचायचं म्हणाल तर ट्रॅक (चाकांऐवजी असलेले रबरी पट्टे) आत घेतला की रुंदी 1 मीटरच्या आत येते, घराच्या बाजूच्या बोळातून मागच्या बागेत जातं, पलीकडे गेल्यावर ट्रॅक बाहेर काढून साधारण 1.3 मीटर करायचा. ब्लेडच्या (पुढच्या माती ढकलायच्या पात्याच्या) कडाही दुमडायला लागतात, तेवढे दोन मिनिटं जातात. पण ट्रॅक आत असताना भरलेली बकेट बाजूला फिरवायची नाही म्हणजे नाही, मशीन लगेच एका बाजूला उचलायला लागतं.

झिरो टेलबद्दल (फिरताना मागे बाहेर न येणाऱ्या पाठीबद्दल) थोडं जास्त लिहितो कारण विकणारे हे अर्धंच सांगतात. पाठ ट्रॅकच्या बाहेर जात नाही, भिंतीला टेकून काम होतं, सगळं खरं, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ते ट्रॅक पूर्ण पसरलेला असतानाच, आत घेतला की पाठ थोडी बाहेर येतेच. आणि पुढच्या बाजूला बूम (मशीनचा मोठा हात) जिथे बसतो तो कोपरा तर फिरताना बाहेर येणारच, त्यामुळे ऑपरेटर मागे निर्धास्त आणि पुढे प्लास्टरला घासला असं होऊ शकतं. शिवाय काउंटरवेट (तोल सांभाळणारं मागचं वजन) आत घेतल्यामुळे बाजूला वजन उचलायची ताकद त्याच वजनाच्या साध्या टेलवाल्या मशीनपेक्षा कमी पडते. मोठे दगड मांडायचं काम जास्त असेल तर मोकळ्या जागेसाठी साधी टेलच बरी. अवजड काही उचलायचं झालं तर ते शक्यतो समोरून, ब्लेड टेकवून आणि मशीनच्या जवळ ठेवून उचला.

बूम स्विंग मात्र पाहिजेच. मशीन सरळ उभं आणि बूम एका बाजूला, कंपाउंडला लागून सलग चर मारता येतो, दर दोन बकेटला मशीन हलवायला नको.

आणि ब्लेड!! लोक त्याला पाय टेकवायची पट्टी समजतात. चर बुजवणं, मुरूम पसरवणं, ढीग सरकवणं, माझं निम्मं काम ब्लेडनंच होतं. सोबत 1 मीटरची बिनदातांची बकेट घेतली तर लॉनची लेव्हल अशी येते की वरून फक्त दाताळं फिरवायचं. 300 एमएमची बकेट पाइपलाइनला, एवढ्या दोन असल्या तरी बरंच भागतं, पण क्विक कपलर (बकेट झटपट बदलायची कडी) असेल तरच, नाहीतर पिना ठोकून बकेट बदलायचा कंटाळा येतो आणि माणूस चुकीच्या बकेटनं काम रेटतो.

रबर ट्रॅक लॉनवर सरळ चालवला तर फारसं काही होत नाही, जागच्या जागी फिरवला की गवत सोलून काढतो, तिथं प्लायवूड टाका किंवा लांबून वळा. तोडलेल्या काँक्रीटच्या राडारोड्यात सळीची टोकं असतात, ती ट्रॅक कापतात, आधी बकेटनं वाट साफ करून घ्यायची. ट्रॅक सैल पडला की उतरतो, फार ताणला तर रोलर नि मोटर खातो. ताण कमी करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू फिरवायचा आणि त्याच्या समोर तोंड आणायचं नाही, आत भयंकर प्रेशर असतं.

बॅकहोवर (मागे खोदायचा हात असलेल्या लोडरवर) हात बसलेला ऑपरेटर असेल तर पहिल्या दिवशी लिव्हरचा पॅटर्न, म्हणजे कुठला लिव्हर काय हलवतो, ते बघूनच किल्ली द्या. दोन पॅटर्न असतात, आयएसओ आणि एसएई. आयएसओमध्ये डाव्या लिव्हरला स्विंग (मशीन फिरवणं) आणि आर्म (बूमच्या पुढचा हात), उजव्याला बूम आणि बकेट. एसएईमध्ये बूम आणि आर्मची अदलाबदल होते. काही मशिनांत व्हॉल्व्ह फिरवून बदलता येतं, तेव्हा आज कुठला लावलाय ते काचेवर नाहीतर लिव्हरपाशी चिकटवून ठेवा.

ब्रेकर (काँक्रीट फोडायचा हातोडा) चालतो, पण कोबा, पातळ स्लॅब एवढ्यापुरताच समजा. त्याला वन-वे लाइन लागते, परतीचं तेल थेट टाकीकडे गेलं पाहिजे, हे घेतानाच विचारा. एका जागी 15-20 सेकंदांत काही हललं नाही तर जागा बदला, तसंच ठोकत राहिलं तर दगडापेक्षा तेलच तापतं.

मेंटेनन्समध्ये विशेष काही नाही, पिनांना रोज ग्रीस, नव्या मशीनचं इंजिन ऑइल पहिल्या 50 तासांनी, मग साधारण 250 तासांनी, बाकी मॅन्युअल बघा. बागेत काम करणाऱ्यांनी रेडिएटर मात्र रोज बघावा, सुकं गवत आणि धूळ बसून जाळी बंद होते आणि टेंपरेचर चढल्यावर लोक कूलंटवर संशय घेत बसतात.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे माती वाहायची. मशीन खोदतं भराभर, पण स्पीड ताशी 2 ते 4 किलोमीटर, बकेट भरून फेऱ्या मारायला लागलात तर दिवस त्यातच जातो आणि ट्रॅकही झिजतो. सोबत छोटा डंपर नसेल तर ढीग चराच्या काठावरच साठत जातो, काठावर वजन येतं आणि बाजू ढासळते. मी माती काठापासून दोन फूट लांबच टाकायला लावतो, आणि दीड मीटरच्या खाली आधार दिल्याशिवाय माणूस उतरवत नाही.

साडेतीन टनी घ्यावं का? गेटची अडचण नसेल आणि रोज पायाची खोदाईच असेल तर हो, खोली 3 मीटरच्या आसपास मिळते आणि उचलताना जीव वर-खाली होत नाही. पण ते दीड मीटरपेक्षा रुंद, बोळातून जात नाही आणि ट्रेलरही मोठा लागतो. माझी निम्मी कामं घरामागच्या बागेतली, त्यामुळे मी ह्याच साइझवर आहे, फक्त पुढची बकेट टिल्टवाली (बाजूला कलणारी) घेणार, उतारावरची लेव्हल करताना मशीन पुन्हापुन्हा तिरकं लावायचा वैताग आलाय.