सफाई आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचा अनुभव : दरपत्रक वाचताना

पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेने सफाई आणि पहारा या दोन्ही कामांसाठी गेल्या वर्षी नवी एजन्सी नेमली. एजन्सीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या व्यवसायात सर्रास आढळतात. जिने स्वच्छ असतात, कचरा वेळेवर उचलला जातो, रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी बदली माणूस येतो. कामाबद्दल तक्रार नाही.

निवड करताना आलेल्या दरपत्रकांपैकी काहींमध्ये दरमाणशी एकच एकरकमी आकडा होता आणि तो मोहात पाडण्याइतका कमी होता. मात्र किमान वेतनावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा खर्च सुमारे 13 टक्के, राज्य कामगार विम्याचा 3.25 टक्के आणि किमान बोनसचे 8.33 टक्के धरले, तर गणवेश, रजा आणि एजन्सीचा नफा मोजण्यापूर्वीच वेतनाच्या जवळपास चौथा हिस्सा वर चढतो. एकरकमी आकडा या बेरजेखाली असेल, तर उरलेली रक्कम कोणाच्या खिशातून येणार हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही. ‘मावशी एवढ्यावर खुशीने तयार आहेत’ हे उत्तर आम्हालाही ऐकायला मिळाले. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो, हे सांगणाऱ्याला बहुधा ठाऊक होते. आम्ही निवडलेल्या एजन्सीने मूळ वेतन, विशेष भत्ता, वैधानिक देणी आणि स्वतःचे सेवाशुल्क वेगवेगळ्या रकान्यांत दाखवले होते, आणि तिला काम देण्याचे मुख्य कारण हेच होते.

तरीही दोन ठिकाणी खटकले. महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता महागाई निर्देशांकानुसार जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. जुलैची वाढ आमच्या बिलात लगेच आली. कामगारांच्या वेतनपावतीवर मात्र ती पुढच्या महिन्यात उगवली. विचारणा केल्यावर फरकाची रक्कम जमा झाली, पण विचारले नसते तर ती जमा झाली असती, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर होती. रक्षकांच्या बारा तासांच्या ड्युटीसाठी दरपत्रकात दीड हजेरीचा (एक हजेरी म्हणजे आठ तासांच्या दिवसाचे वेतन) दर लावलेला होता. आठ तासांवरील कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे वरच्या चार तासांचे आठ तास धरून बारा तासांच्या ड्युटीला दोन हजेऱ्या होतात. हा हिशेब मांडल्यावर असे दिसले की चोवीस तासांसाठी बारा-बारा तासांचे दोन रक्षक ठेवून त्यांना कायद्याप्रमाणे चार हजेऱ्या देण्यापेक्षा आठ-आठ तासांचे तीन रक्षक ठेवणे संस्थेलाही स्वस्त पडते. बारा तासांची पाळी परवडते ती केवळ जादा कामाचा दर बुडवल्यामुळे. एजन्सीने थोडी कुरकुर करून तीन पाळ्या मान्य केल्या. रक्षकांपैकी काहींना मात्र हा बदल रुचला नाही, कारण गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाला दीड हजेरीसुद्धा एका हजेरीपेक्षा जास्तच वाटते, आणि त्यांच्या या नाराजीला आमच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

पगार सात तारखेच्या आत बँकेत जमा होतो आणि गणवेशापोटी कपात दिसली नाही, या जमेच्या बाजू आहेत. केवळ पासबुकावर विसंबू नये, कारण खात्यात पूर्ण रक्कम भरून त्यातील काही भाग रोखीने परत घेण्याची चाल या धंद्यात जुनी आहे. म्हणून सुपरवायझर नसताना सफाई करणाऱ्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोललो. तसा प्रकार आढळला नाही.

काही सभासदांना ही सारी उठाठेव अनावश्यक वाटली. परंतु 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी ज्या आस्थापनेत काम चालते तिच्या मालकावर येते, आणि दावा दाखल करण्याची मुदत, जी किमान वेतन अधिनियमात सहा महिन्यांची होती, ती आता तीन वर्षांची आहे. शिवाय किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात 1982 मध्येच म्हटले आहे.

करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. वेतनपावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचे नावनिशीवार चलन जोडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, ही अट त्यात नव्याने घातली असून दरमाणशी दर इतर एजन्स्यांपेक्षा जास्त असल्याचे वार्षिक सभेपुढे कारणांसह ठेवले आहे.