आकुर्डीतले जुन्या स्कूटरचे गॅरेज: काम पक्के, तारीख कच्ची

वडिलांची १९९४ सालची बजाज चेतक आमच्या चिंचवडच्या सोसायटीत ९ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाल्याने तिचा भाव किलोवर सांगितला तेव्हा आईने त्याला दारातूनच वाटेला लावले आणि स्कूटर चालू करून आणण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. पेठेतल्या दोन मिस्त्रींनी पार्ट मिळत नाहीत म्हणून हात वर केले, त्यानंतर कुणीतरी आकुर्डीतल्या या गॅरेजबद्दल सांगितले. बाहेर पाटी नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून आत वळावे आणि दारात ओळीने टेकवलेल्या स्टेपन्या दिसल्या की थांबावे.

गॅरेज चालवणारे मिस्त्री बजाजच्या आकुर्डीच्याच कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. सप्टेंबर २००७ मध्ये तिथले उत्पादन थांबले, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या पैशातून ही शेड उभी केली. कारखाना का थांबला हे त्या वेळी शहरात सर्वांना तोंडपाठ होते: उत्तराखंडात पंतनगरला करात सवलत होती, चाकणला नवा कारखाना होता आणि इथे शहरात येणाऱ्या प्रत्येक मालावर जकात होती. ज्या जकातीच्या जोरावर पिंपरी-चिंचवड महापालिका श्रीमंत म्हणून मिरवत असे, तीच जकात उद्योग बाहेर पडण्याचे एक कारण म्हणून सांगितली जात होती, हे मला तेव्हाही विचित्र वाटले होते. जकात पुढे २०१३ मध्ये गेली, पण गेलेली लाइन काही तिच्यासाठी परत आली नाही.

आता कामाविषयी. मिस्त्रींनी इंजिन माझ्यासमोर उघडले आणि सिलिंडरच्या आतून नख फिरवून बोअर झिजल्याचे सांगितले. नंतर गेज लावले तेव्हा ते खरे निघाले. एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन इतका साचला होता की करंगळीही जाईना. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, बाजूचे ऑइल सील कडक झाल्यामुळे इंजिन बाहेरची हवा ओढत होते आणि म्हणून आधीच्या मिस्त्रीने कार्बोरेटर तीनदा साफ करूनही ते आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना मंद गतीवर, टिकत नव्हते. सुटा केलेला प्रत्येक भाग जेवणाच्या जुन्या स्टीलच्या ताटांत मांडला जातो, एका ताटात क्लच, एकात गिअरबॉक्स, आणि ताटे एकमेकांत मिसळलेली मला एकदाही दिसली नाहीत. लाइनवर काम केलेल्या माणसाचा हात असा असतो.

बोअरिंगचे, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून घेण्याचे काम मात्र इथे होत नाही. सिलिंडर भोसरी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे जातो आणि तिथून ओव्हरसाइज पिस्टन बसेल असा होऊन येतो. मोठ्या कंपन्यांनी काम चाकणकडे नेल्यावर त्यांना सुटे भाग पुरवणारे बरेच लघुउद्योजकही तिकडे सरकले. जे मागे राहिले त्यांतल्या एकावर हे गॅरेज टेकलेले आहे. चिंचवडला एल्प्रोच्या कारखान्याच्या जागेवर आज मॉल उभा आहे, आणि शहराचा कायापालट म्हणून आपण पाहुण्यांना तोच दाखवतो. मलाही तो आवडतो, पण तिथे कुणी माझा सिलिंडर बोअर करून देणार नाही. २०२२ मध्ये आकुर्डीच्या त्याच आवारात विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. त्याविषयी विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "नाव तेच आहे, पण तिला मिस्त्री लागत नाही, लॅपटॉप लागतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, बोलता बोलता ते प्लग घासत होते.

तक्रारी आहेत आणि त्या लहान नाहीत. दसऱ्याला मिळणारी स्कूटर दिवाळीनंतर मिळाली. फोन उचलला जात नाही. बिल कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेले होते: एकूण १८,५०० रुपये, त्यांत इंजिनाचे ९,५०० आणि उरलेले डेंटिंग-पेंटिंग, केबल आणि टायर यांचे, टायरचा आकडा वेगळा मागूनही मिळाला नाही. रंगकाम बाहेरच्या पेंटरकडे जाते आणि तिथेच माझा फिकट निळा रंग गडद होऊन आला. आईने हा फरक पाहताक्षणी ओळखला आणि दोन दिवस स्कूटरकडे फिरकली नाही. मिस्त्रींनी रंग पुन्हा मारून देण्याची तयारी दाखवली, पण आणखी महिनाभर थांबण्याची माझी तयारी नव्हती. याउलट कोणता पार्ट मूळचा आणि कोणता डुप्लिकेट, हे त्यांनी न विचारता सांगितले, आणि असे सांगणारे गॅरेज मला पुण्यात दुसरे भेटलेले नाही.

जाण्यापूर्वी आरसी बुक तपासून घ्यावे. १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी झालेली नसेल तर चाचणीसाठीही गाडी रस्त्यावर काढू नये. आरटीओचे काम हे गॅरेज करत नाही. रंगाचा नमुना म्हणून डिकीचे झाकण सोबत ठेवावे आणि पेंटरकडे स्वतः जावे. हिंजवडीचे आयटीवाले हल्ली आजोबांच्या स्कूटर घेऊन रविवारी येतात, त्यामुळे रविवारी गर्दी असते. गुरुवारी गॅरेज बंद असते: इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि मिस्त्रींनी लाइन सुटून इतकी वर्षे झाली तरी आपली सुट्टी बदललेली नाही.