सेंट्रल पार्क, न्यूयॉर्क : ५ पैकी ४ स्टार
आई-बाबांना घेऊन न्यू जर्सीहून गेलो होतो, ८४३ एकर आहे म्हणे, आम्ही अर्ध्यातच दमलो. एंट्री फुकट! १९७५ च्या आसपास शहराचं पार दिवाळं निघायची वेळ आलेली, पार्कला पैसाच नाही, सगळी हिरवळ उजाड, मग १९८० मध्ये लोकांनी कॉन्झर्व्हन्सी (पार्क सांभाळणारी ना-नफा संस्था) काढली आणि आता देखभालीचा बराचसा खर्च देणग्यांतूनच निघतो. देणगी देऊन बाकावर आपल्या मजकुराची छोटी स्टीलची पाटी लावायचे १० हजार डॉलर, बाबा एकेक पाटी वाचत बसले, उठेचनात. पण आजूबाजूला श्रीमंत वस्ती म्हणून हे जमतं हो, गरीब वस्तीतल्या बागेला कोण देणार एवढे? एक स्टार कापला कारण टॉयलेट शोधताना आईचे फार हाल झाले.