यीस्टच्या कलिकायनावरील कार्यशाळा, गंगापूर रोड, नाशिक

द्राक्षे आणि वायनरींच्या नाशकात यीस्टविषयी बोलताना किण्वनापुरते न थांबता थेट पेशीविभाजनाकडे वळणारी ही कार्यशाळा मला आवडली. कलिका, म्हणजे पुढे नवी पेशी होणारा कोंब, फुटते तेव्हा जनक पेशीतील अंगके (पेशीच्या आतले वेगवेगळी कामे करणारे भाग) तिच्यात आपोआप वाहत जात नाहीत. मायो-२ हे मोटर प्रथिन, म्हणजे ओझे वाहून नेणारे प्रथिन, ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून त्यांना ओढून नेते, आणि रिक्तिकेला (पेशीतील साठवणीच्या पिशवीला) त्याच्याशी जोडून ठेवणारे व्हॅक-१७ हे प्रथिन काम संपताच कलिकेत नष्ट केले जाते, म्हणून रिक्तिका तिथेच सुटते, हा भाग मार्गदर्शक बाईंनी फळ्यावर अतिशय नेमकेपणाने उलगडला. वारशात रिक्तिका आली नाही तर कलिका ती नव्याने घडवू शकते, तंतुकणिका (ऊर्जा पुरवणारे अंगक, मायटोकॉन्ड्रिया) मात्र जनक पेशीकडूनच यावी लागते, हा फरकही ठसला. पेरॉक्सिझोम या आणखी एका अंगकाचा उल्लेख ओझरताच झाला.

प्रत्यक्ष निरीक्षण तोकडे पडले. प्रतिदीप्त (प्रकाश पडताच चमकणाऱ्या) रंजकांशिवाय साध्या सूक्ष्मदर्शकातून कलिका आणि फार तर मोठी रिक्तिका दिसते, अंगकांची वाहतूक नव्हे. जाहिरातीत हे स्पष्ट लिहायला हवे होते. बारावीच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जावे, लहान मुलांना मात्र नेऊ नये.